न जुमानणारा क्षय : मुंबईच्या फुफ्फुसांचा इतिहास

२०११ सालच्या डिसेंबरात 'क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईहून गेलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्र म्हणजे अक्षरशः पत्रच, संपादकाला लिहिलेले, पानभराचे. लिहिणारे चौघे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले होते. त्यांत पहिले नाव छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया यांचे. मजकूर थोडक्यात असा, की आमच्याकडे क्षयाचे चार रुग्ण आले असून त्यांच्या शरीरातला जीवाणू आम्ही तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नाही. पहिल्या फळीतली औषधे नाहीत, दुसऱ्या फळीतलीही नाहीत. पत्राला शीर्षक होते 'टोटली ड्रग रेझिस्टंट' क्षय, म्हणजे सर्वच औषधांना न जुमानणारा.

जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली तोवर रुग्णांचा आकडा बारावर गेला होता आणि त्यांतले तिघे दगावले होते. मुंबईत खळबळ माजली. दिल्लीहून उत्तर आले, पण ते रुग्णांबद्दल नव्हते, शब्दाबद्दल होते. 'टोटली ड्रग रेझिस्टंट' ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही, राष्ट्रीय कार्यक्रमालाही मान्य नाही, सबब ती दिशाभूल करणारी आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कळवले. संज्ञेबाबत त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हते. इटलीतून २००७ मध्ये आणि इराणमधून २००९ मध्ये असेच रुग्ण नोंदवले गेले होते आणि तेव्हाही या नावावरून वाद झालाच होता. पण आजाराचे नाव खोडले म्हणून आजारी माणूस बरा होत नाही.

त्या पत्रातली एक ओळ मात्र गदारोळात मागे पडली. माझ्या मते सगळा इतिहास त्या ओळीत आहे. चौघांपैकी तिघांना दुसऱ्या फळीतली औषधे वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी दिली होती. ती एकेक करून वाढवलेली होती, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत, कुणाच्याही देखरेखीशिवाय. अठरा महिन्यांत सरासरी चार डॉक्टर. म्हणजे ही माणसे औषधाविना राहिलेली नव्हती. औषध त्यांना मिळत होते, आणि मिळत होते तसे मिळाल्यामुळेच ती या टोकाला पोहोचली होती.

हे कसे घडते ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

आमच्या कोकणातल्या घरांत म्हातारी माणसे क्षयाला 'दिक' म्हणत. हा शब्द युनानी हकिमांकडून आला. अरबीत 'दिक्क' म्हणजे बारीक, झिजलेले. मराठीत आपण रोज वापरतो ती 'दिक्कत' याच धातूतली. माणूस झिजत जातो हे सगळ्यांनाच दिसत होते. संस्कृतातल्या 'क्षय' शब्दातही तेच आहे. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो की घराण्यातून उतरतो, यावर मात्र शतकानुशतके मतभेद होते. इब्न सिनाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'अल-क़ानून' लिहिताना त्याची गणना एकापासून दुसऱ्याला होणाऱ्या आजारांत केली होती. युरोपात मात्र बराच काळ तो वारशाने येणारा आजार मानला गेला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने जीवाणूच दाखवला आणि तो वाद संपला.

आजार संसर्गाचा आहे हे ठरले, म्हणून दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न सुटला असे मात्र नाही. १९२० मध्ये आर्थर लँकेस्टर या डॉक्टरांचे हिंदुस्थानातल्या क्षयावरचे पुस्तक आले. देशभर हिंडून केलेले ते काम मोठे आहे. त्यात पडदापद्धतीची चर्चा बरीच आहे. कोंदट जनानखान्यात राहणाऱ्या बायकांना क्षय जास्त होतो, हे निरीक्षण खोटे म्हणता येणार नाही. उजेड आणि हवा नसली की हा जीवाणू टिकतो. पण पुढच्या लिखाणात, भाषणांत या निरीक्षणाचे रूपांतर सोयीस्कर समजुतीत झाले, की 'त्यांच्या' चालीरीतींमुळे 'त्यांना' क्षय होतो. मुंबईच्या गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांत झोपणाऱ्या दहा-बारा पुरुषांना कुठला पडदा होता? तिथेही हवा नव्हती. पण ती खोली रीतीने बांधलेली नव्हती, भाड्याच्या हिशेबाने बांधलेली होती.

औषध नव्हते तोवर उपाय म्हणजे हवापालट. ज्यांना परवडे ते पाचगणीच्या सॅनेटोरियमला जात, दक्षिण महाराष्ट्रातले मिरजेजवळच्या वानलेसवाडीला. अंडी, दूध, विश्रांती, व्हरांड्यातली खाट. ज्यांना परवडत नसे ते गावी जाऊन मरत.

ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. (नोबेल १९५२ मध्ये त्याच्या प्राध्यापकांना, सेलमन वॅक्समन यांना मिळाले. शाट्झला नाही. तो कोर्टात गेला होता, पण ती कहाणी वेगळी.) युद्धानंतरच्या कंगाल ब्रिटनकडे डॉलर मोजके होते, औषध थोडेच विकत घेता आले. मग ते कुणाला द्यायचे? ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने याची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. ५५ जणांना औषध आणि खाटेवरची विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. आधुनिक वैद्यकातली ही अगदी सुरुवातीची काटेकोर चाचणी. निष्कर्ष १९४८ मध्ये छापले गेले. सहा महिन्यांत औषध घेतलेल्यांपैकी चार दगावले, न घेतलेल्यांपैकी चौदा.

चमत्कार वाटावा असा हा आकडा. पण त्याच अहवालात दुसरीही नोंद होती. ज्या ४१ रुग्णांचे जीवाणू तपासता आले त्यांतल्या ३५ जणांमध्ये ते स्ट्रेप्टोमायसिनला सरावले होते. पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद केली तेव्हा औषध घेतलेल्यांतले ३२ आणि न घेतलेल्यांतले ३५ मरण पावलेले होते. चमत्कार जवळजवळ पुसला गेला होता. म्हणजे क्षयाचा जीवाणू औषधाला दाद देईनासा होतो, ही गोष्ट जगाला पहिल्या चाचणीपासून माहीत आहे. २०१२ मध्ये ती कुणाला नवी वाटायचे कारण नव्हते.

यामागचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. औषध जीवाणूला काही शिकवत नाही. जीवाणू वाढताना चुका होतात आणि त्यांतल्या एखाद्या चुकीमुळे एखादा जीवाणू औषधाला पुरून उरतो. आयसोनायझिड या औषधाबाबत असा जीवाणू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफॅम्पिसिनबाबत दहा कोटींत एक. फुफ्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात दहा कोटी जीवाणू सहज असतात. त्याला एकटे आयसोनायझिड दिले तर शंभरेक जीवाणू उरतात. बाकीचे मेल्यामुळे रान मोकळे होते आणि त्यात हेच शंभर वाढतात. पण दोन्ही औषधे एकदम दिली, तर दोन्हींना पुरून उरणारा जीवाणू कोटी कोटींत एक. इतके जीवाणू कुणाच्याच छातीत नसतात. म्हणून औषधे एकत्र द्यायची, सुरुवातीपासून द्यायची आणि शेवटचा जीवाणू मरेपर्यंत द्यायची. स्ट्रेप्टोमायसिनसोबत स्वीडनमधून आलेले पास नावाचे औषध जोडल्यावर प्रतिकार झपाट्याने कमी होतो, हे १९५० मध्येच सिद्ध झाले. १९५२ मध्ये आयसोनायझिड आले, साठच्या दशकाच्या अखेरीस रिफॅम्पिसिन.

आणि याच गणितातून सगळ्यात मोठा गुन्हाही कळतो : उतार न पडणाऱ्या रुग्णाच्या औषधांत एकच नवे औषध वाढवणे. जुनी औषधे निकामी झालेली असतात, त्यामुळे नवे औषध प्रत्यक्षात एकटेच लढते आणि काही आठवड्यांत तेही बाद होते. मग आणखी एक. हिंदुजाच्या पत्रातले 'एकेक करून' हे शब्द आता पुन्हा वाचा.

आपल्याकडे या विषयात पहिल्या दर्जाचे काम झाले होते, हेही सांगायला हवे. १९५६ मध्ये मद्रासला क्षय औषधोपचार केंद्र सुरू झाले. त्यांनी १९३ गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये ठेवला, दुसरा आपापल्या दाटीच्या घरात. औषधे तीच. वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभरची सॅनेटोरियमे हळूहळू रिकामी होऊ लागली. खाट, पहाड, हवापालट यांपेक्षा गोळी महत्त्वाची ठरली. पण मद्रासच्या त्या घरगुती रुग्णांकडे लोक जात होते, गोळ्या मोजत होते, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही हे पाहत होते, आणि औषध फुकट होते. देशाने या प्रयोगातला स्वस्त भाग, म्हणजे रुग्णाला घरी ठेवणे, तेवढा पटकन उचलला. बाकीचा भाग उचलायला पुढची चाळीस वर्षे लागली.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला. कागदावर तो चांगलाच होता. प्रत्यक्षात दवाखान्यात एक्स-रेची फिल्म नसे, कधी गोळ्या नसत, आणि रिफॅम्पिसिन महाग म्हणून बराच काळ सगळ्यांना मिळत नसे. सरकारी दारातून परत आलेला माणूस मग नाक्यावरच्या डॉक्टरकडे जाई.

माझे चाचा त्यांतलेच. ऐंशीच्या दशकात म्हसळ्याकडून मुंबईला आले, बोरीवली पूर्वेला एका चाळीत पाच जणांत खोली घेऊन राहिले आणि मागाठाण्याच्या बाजूला कारखान्यात लागले. खोकला धरला तेव्हा स्टेशनजवळच्या एका डॉक्टरने टॉनिक आणि इंजेक्शनचा कोर्स दिला. दोन महिन्यांत वजन वाढले, खोकला गेला, पैसेही संपले. वर्षभराने पुन्हा ताप. दुसऱ्या डॉक्टरने लाल कॅप्सूल वाढवली. तिने लघवी नारंगी होते म्हणून अम्मी घाबरली होती, एवढे मला आठवते. तिसऱ्याने ती बंद करून वेगळीच गोळी लिहिली. तिघांच्याही चिठ्ठ्या चाचांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या, आणि एकाही डॉक्टरने मागच्याची चिठ्ठी मागितली नाही. बेडका तपासून त्यातला जीवाणू कुठल्या औषधाला मरतो हे पाहायचे असते, ही गोष्ट त्या सहा वर्षांत कुणाच्या तोंडून निघाली नाही. चाचा १९९३ च्या पावसाळ्यात गावी वारले. त्यांना 'हट्टी' क्षय होता की साधा, हे कधीच कळणार नाही. घरात मात्र आजही सांगतात, की त्यांनी औषध अर्धवट सोडले.

हे 'अर्धवट सोडले' मला खुपते. कारण त्याच काळात मुंबईत झालेला एक अभ्यास वेगळेच सांगतो. १९९१ मध्ये मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाची चिठ्ठी लिहायला सांगितली. शंभर डॉक्टरांनी औषधांचे ऐंशी वेगवेगळे मेळ लिहिले. वीस वर्षांनी उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग धारावीतच पुन्हा केला. १०६ डॉक्टर, ६३ वेगवेगळे मेळ, आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त सहा. त्यांत ॲलोपॅथीचे होते, होमिओपॅथीचे होते, आयुर्वेद-युनानीचेही होते. या डॉक्टरांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. मोहल्ल्यात रात्री अकराला दार उघडणारा तोच एक असतो, त्याची फी परवडते आणि तो आपल्या भाषेत बोलतो. पण त्याला कुणी शिकवले नाही, कुणी विचारले नाही, आणि औषध दुकानात कुणालाही कितीही मिळत होते. ज्या शहरात चिठ्ठीच चुकीची आहे, तिथे ती पूर्ण पाळणारा रुग्ण जास्त धोक्यात की अर्धवट सोडणारा, हे सांगणे अवघड आहे.

सरकारी बाजूही निर्दोष नव्हती. १९९३ मध्ये सुधारित कार्यक्रमाची चाचणी सुरू झाली, १९९७ पासून तो पसरत गेला आणि २००६ पर्यंत देशभर पोहोचला. यालाच आपण 'डॉट्स' म्हणतो. त्याने लाखो माणसे वाचवली यात शंका नाही. पण गोळ्या आठवड्यातून तीनच दिवस होत्या आणि त्या केंद्रावर जाऊन, समोर गिळून घ्यायच्या. रोजंदारीवरचा माणूस सकाळी दहाला केंद्रावर थांबला की त्याचा खाडा. शिवाय पहिल्यांदा गुण न आलेल्याला 'कॅटेगरी टू' दिली जाई. तिच्यात आधीचीच औषधे आणि जोडीला एक स्ट्रेप्टोमायसिन. आधीची निकामी झालेली असतील तर हे काय झाले? निकामी औषधांत एकच नवे औषध वाढवणे, तेही सरकारी शिक्क्याने. रोजच्या गोळ्या देशभर यायला २०१७ उजाडले, त्यासाठीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

रोजच्या गोळ्यांवरून एक गोष्ट आमच्या वाचकांसाठी. रमजानात गोळ्या थांबवणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि 'ईदनंतर घेईन' म्हणणारेही. सूरह बकराच्या १८४-१८५ या आयतींमध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत स्पष्ट आहे. ज्याला डॉक्टर रोजा ठेवू देतात त्याने गोळ्यांची वेळ सहरीला बसवून घ्यावी. पण महिनाभराचा खंड कुठल्याही पंथाच्या आलिमाने सांगितलेला मला ठाऊक नाही. हे मशिदीतून जुम्याच्या दिवशी सांगितले गेले तर दहा पोस्टरांचे काम होईल.

आता त्या अभ्यासाकडे येतो, ज्याने रुग्णाला दोष देणाऱ्यांचा पायाच काढून घेतला. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने मुंबईच्या काही वॉर्डांतल्या सरकारी केंद्रांवर आलेले रुग्ण तपासले. निष्कर्ष २००९ मध्ये आले. पहिल्यांदाच उपचार सुरू करणाऱ्या, म्हणजे आयुष्यात क्षयाची गोळी न घेतलेल्या रुग्णांपैकी २४ टक्के लोकांचा जीवाणू आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्हींना न जुमानणारा होता. यालाच 'एमडीआर' क्षय म्हणतात. राष्ट्रीय आकडे तेव्हा नव्या रुग्णांत दोन-तीन टक्के सांगत होते. एका शहरातल्या काही वॉर्डांचा आकडा देशाला लावता येत नाही, हे खरे. पण ज्याने गोळी घेतलीच नाही, त्याने ती अर्धवट कशी सोडली? त्याला हा जीवाणू तयार मिळाला होता, खोलीतल्या, लोकलमधल्या, कारखान्यातल्या हवेतून. औषधाला सरावलेला जीवाणू एका छातीत तयार होतो आणि तिथून पुढे तो सगळ्यांचा होतो.

म्हणून घरांकडे पाहावे लागते. गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व वॉर्डात झोपड्या हटवून लोकांना उंच इमारतींत नेले. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. दोन इमारतींत अंतर कुठे कुठे तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. या वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आणि आयआयटीतल्या अभ्यासकांनी अभ्यास केला. जिथे हवा आणि ऊन कमी तिथे क्षय जास्त, हे त्यांनी मोजून दाखवले. शेजारच्या, अधिक मोकळ्या बांधणीच्या पीएमजी वसाहतीत प्रमाण खूपच कमी होते. लँकेस्टरने १९२० मध्ये जनानखान्याबद्दल जे म्हटले तेच इथे लागू होते. फरक एवढाच, की या भिंती कुठल्या धर्माने घातल्या नाहीत, बांधकामाच्या सरकारी नियमांत सवलत देऊन घातल्या गेल्या. तिथे मुस्लिम आहेत, दलित आहेत, फुटपाथवरून उठवलेले सगळेच आहेत.

इथे एक आडवळण घेतो. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जनुकीय आजार आहे. त्यात फुफ्फुसातला चिकट द्राव घट्ट होतो आणि त्यात स्युडोमोनास जातीचे जीवाणू कायमचे बिऱ्हाड करतात. ते स्वतःभोवती शेवाळासारखा थर तयार करतात. त्या थरातून औषध नीट पोहोचत नाही, वर्षानुवर्षे तीच औषधे द्यावी लागतात आणि एकेक करून ती निकामी होत जातात. हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नाही, असे भारतात बराच काळ मानले जाई. तो आपल्याकडेही आहे. पण सततचा खोकला आणि वजन न वाढणारे मूल म्हटले की आपल्याकडे आधी क्षयच आठवतो, आणि अशा मुलांना अनेकदा क्षयाची औषधे दिली जातात. घामातले मीठ मोजणारी साधी तपासणी १९५० च्या दशकापासून आहे, ती मागितली जात नाही. पश्चिमेत या रुग्णांच्या एकत्र शिबिरांतून एकाचा जीवाणू दुसऱ्याला जातो हे लक्षात आल्यावर ती शिबिरेच बंद केली गेली. आज तिथे दोन रुग्णांनी एकमेकांपासून सहा फूट लांब राहावे असा दंडक आहे. सहा फूट! आमच्याकडे खोलीच दहा फुटांची. जीवाणू वेगळे, आजार वेगळा, पण औषध निकामी होण्याची तऱ्हा तीच : तपासणी न करता दिलेले औषध आणि जीवाणूला मिळालेला भरपूर वेळ.

हिंदुजाच्या पत्राने शासनाला राग आणला, पण हलवलेही. ७ मे २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. त्याच वर्षी जूनमध्ये क्षयासाठीच्या निरुपयोगी रक्तचाचण्यांवर बंदी आली. या चाचण्यांवर गरिबांचे किती पैसे गेले असतील, कल्पना करा. १ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे 'शेड्यूल एच-१' मध्ये गेली, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीची नोंद ठेवायची. आणि 'जीनएक्सपर्ट' यंत्रे आली. बेडका घातला की दोन तासांत जीवाणू आहे का आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देतो का, दोन्ही कळते. पूर्वी हेच कळायला जीवाणू वाढवत आठवडेच्या आठवडे जात, तोवर रुग्ण चुकीच्या गोळ्या खात असे.

पण कळून उपयोग काय, औषध कुठे होते? एमडीआरचा उपचार दोन वर्षांचा, हजारो गोळ्या आणि त्यांतले कितीतरी महिने रोज कानामायसिनसारखे इंजेक्शन. त्या इंजेक्शनने श्रवणशक्ती जाते. नंदिता वेंकटेशन या मुंबईच्या तरुणीला क्षय दोनदा झाला. तो आतड्याचा होता, फुफ्फुसाचा नव्हे. २०१३ मध्ये इंजेक्शनांमुळे त्यांना ऐकू येईनासे झाले. बेडाक्विलिन नावाची गोळी अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात मंजूर झाली होती. क्षयासाठी चाळीसेक वर्षांत आलेले हे पहिलेच अगदी नव्या जातीचे औषध. भारतात ते २०१६ मध्ये आले तेव्हा देशभरात फक्त सहा रुग्णालयांत आणि हाताच्या मापाने. जपून वापरा, नाहीतर यालाही जीवाणू सरावतील, हा युक्तिवाद होता. खोटा नव्हता. पण पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ते मिळवण्यासाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयात जावे लागले, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये औषध मिळाले, तोवर फुफ्फुसे फार खराब झाली होती. २०१८ मध्ये ती गेली. सत्तर वर्षे औषधांची उधळण करून झाल्यावर काटकसर सुरू झाली ती हिच्यापासून.

कंपनीने बेडाक्विलिनच्या मूळ पेटंटच्या पुढे आणखी चार वर्षांचे, क्षार-स्वरूपाचे, दुसरे पेटंट मागितले होते. २०१९ च्या फेब्रुवारीत नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली. टिसिले यांचीही श्रवणशक्ती क्षयाच्या उपचारांतच गेलेली. ही हरकत मुंबईच्या पेटंट कार्यालयात चालली आणि २३ मार्च २०२३ रोजी कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. जुलै २०२३ मध्ये मूळ पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांना गोळी बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. ऐकू न येणाऱ्या दोन बायकांनी जिंकलेला हा खटला आपल्या शाळांत शिकवला जात नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने एमडीआर क्षयासाठी सहा महिन्यांचा, इंजेक्शनविना उपचार मंजूर केला : बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मात्र साध्या क्षयाच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला होता, आणि राज्यांनी त्या स्थानिक पातळीवर खरेदी कराव्यात असे केंद्राला कळवावे लागले. साध्या क्षयाचा रुग्ण रिकाम्या हाताने परत गेला की एमडीआरचा रुग्ण कसा तयार होतो, ते वर आलेच आहे.

आमच्या बोरीवलीतल्या गल्लीत सध्या एक मुलगी या नव्या गोळ्या घेते. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. तिने याआधी क्षयाची एकही गोळी घेतलेली नव्हती. जीनएक्सपर्टचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी हातात आला आणि गोळ्या आठवड्याभरात सुरू झाल्या. लिनेझोलिडने पायांना मुंग्या येतात, म्हणून दर महिन्याला रक्त आणि नसा तपासायला जाते. चौथा महिना चालू आहे. शेजारी विचारतात तेव्हा तिची आई 'कावीळ झालीय' म्हणून सांगते.